सोलापुरात सायकलिंग क्लब जॉइन करावा का? एकट्यानं चालवणाऱ्या एका नवीन माणसाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, वय ४२, बँकेत बसून काम, राहायला जुळे सोलापूर, डॉक्टरांनी शुगर बॉर्डरवर आहे म्हणून सांगितलं, मग हायब्रीड सायकल (रोडबाईक आणि माऊंटन बाईकच्या मधली) घेतली, दोनेक महिने एकटेच विजापूर रोडला जाऊन येताय. आणि विचारताय की क्लब जॉइन करून नक्की फायदा काय, ते लोक फार फास्ट पळवतात का, आणि मिसेसना हायवेची भीती वाटते त्याचं काय करायचं. तिन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि उत्तरं एकमेकात गुंतलेली आहेत, त्यामुळं जरा लांबेल, वाचा सावकाश.

सरळ उत्तर आधी देतो, जॉइन करा. मी बरीच वर्षं ग्रुपसोबत चालवतोय, नवीन लोकांना घेऊन जायचं काम पण करतोय, आणि सारखं बघण्यात आलंय ते असं की एकटा चालवणारा माणूस पहिला उन्हाळा नाहीतर पहिला जोराचा वारा आला की थांबतोय. सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. इच्छा नसते म्हणून नाही होत हे. सोलापूरचा वारा, सोलापूरचं ऊन आणि सोलापूरच्या बाहेर जाणारे रस्ते, या तिघांना एकट्यानं तोंड देणं खरंच अवघड आहे हो. वजन कमी होतं, मित्र मिळतात वगैरे फायदे कुठल्याही गावात सांगतील आणि ते खरे पण आहेत, पण आपल्या गावात क्लबचा खरा उपयोग या तीन गोष्टींसाठी आहे असं माझं ठाम मत आहे.

वाऱ्यापासून सुरू करतो कारण नवीन माणसाला तोच सगळ्यात उशिरा कळतो. सपाट रस्त्यावर ताशी २० च्या पुढं गेलं की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे स्पीड दुप्पट झाला की विरोध चौपट, आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. आता आपल्याकडं भोवती आडोसा देणारे डोंगर नाहीत, झाडी विरळ, जून-जुलैत ढग नुसते डोक्यावरून पळत जातात, पाऊस पडतोय न पडतोय पण पश्चिमेचा वारा मात्र दिवसभर झोडपतोय. पुणे रोडनं मोहोळकडं निघालात की हा वारा थेट तोंडावर. एकटा माणूस तिथं १४-१५ नं रखडतो आणि त्याला वाटतं आपल्यात दमच नाही, वय झालं, हे आपलं काम नव्हे. दम असतो की हो, वारा काय आहे ते कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

ग्रुपमध्ये काय होतं, तुम्ही दुसऱ्याच्या मागं व्यवस्थित अंतर धरून चालवलं की तुमचे कष्ट पाव हिश्शानं तरी वाचतात, समोरून जोराचा वारा असला तर त्याहून जास्त. याला ड्राफ्टिंग म्हणतात. पुढचा दोन-तीन मिनिटं ओढतो, मग बाजूला होऊन सावकाश रांगेच्या शेवटी येतो, त्याच्या मागचा पुढं होतो, असं आळीपाळीनं. तुमच्यासारख्या नवीन माणसाला कोणी पुढं यायला सांगत नाही, तुम्ही मध्ये राहायचं. एकट्याला मोहोळ म्हणजे जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, ते अशक्य वाटतं, आणि तेच अंतर मध्ये बसून होऊन जातं. एकदा झालं की मग डोक्यातली भीती जाते ती परत येत नाही, हे मी कितीतरी लोकांच्या बाबतीत बघितलंय आणि दरवेळी मला तेवढाच आनंद होतो.

पण ड्राफ्टिंगचे नियम आहेत आणि ते व्हिडिओ बघून येत नाहीत, कोणीतरी शेजारी चालवत सांगावं लागतं. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही घुसवायचं नाही, कारण चाकाला चाक लागलं की पुढचा बहुतेक वेळा वाचतो, मागचा पडतो. पहिला महिना चांगलं सायकलभर अंतर ठेवा, फायदा थोडा कमी मिळेल, चालेल. अचानक ब्रेक मारायचा नाही. खड्डा दिसला की हातानं खाली दाखवायचा आणि तोंडानं ओरडायचं पण, कारण मागच्यांना फक्त तुमची पाठ दिसत असते. दोन्ही कानात इअरफोन घालून येणाऱ्याला चांगला ग्रुप परत पाठवतो आणि पाठवायलाच पाहिजे.

वाऱ्याची अजून एक गोष्ट, कोणत्या महिन्यात कुठल्या रोडला जायचं हे जुन्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे. नियम साधा, जाताना वारा तोंडावर घ्यायचा आणि येताना पाठीवर. त्यामुळं पावसाळ्यात मोहोळ नाहीतर मंगळवेढा रोड. नवीन माणूस नेमका हैदराबाद रोडला जातो, बोरामणीपर्यंत उडत जातो, आज काय जबरदस्त चालवलं म्हणून खूश होतो आणि येताना त्याची दमछाक होते. तुळजापूर रोड उत्तरेला आणि विजापूर रोड दक्षिणेला, तिथं हा वारा बाजूनं लागतो, आणि तुळजापूरहून परत येताना मोठा ट्रक तुमच्या उजव्या बाजूनं गेला की क्षणभर वारा एकदम बंद होतो, सायकल ट्रककडं ओढल्यासारखी होते, आणि ट्रक पुढं गेला की परत एकदम डावीकडं ढकलते. विजापूर रोडला जाताना पण हेच. हँडल सैल पण पक्कं धरायचं, कोपर थोडे वाकलेले ठेवायचे, आणि ट्रकचा आवाज मागून आला की आधीच तयार राहायचं. ताठ हातानं चालवणारा इथं डगमगतो.

आता ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला सहज जातो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. त्या दोन महिन्यात राईड पहाटे ५ ला सुरू आणि ८ च्या आत घरी, याला दुसरा पर्याय नाही. एकट्यासाठी साडेचारचा अलार्म बंद करणं फार सोपं असतंय, पण सात रस्ता चौकात पाच जण थांबलेत आणि आपल्यामुळं सगळ्यांना उशीर होतोय म्हटलं की माणूस उठतोच. लोक याला शिस्त म्हणतात, मला वाटतं साधी लाज आहे आणि ती फार उपयोगाची आहे. पाण्याचा हिशेब, तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात जास्त, तहान लागायची वाट न बघता घोट घोट. दीड तासाच्या पुढची राईड असेल तर एका बाटलीत ओआरएस, मेडिकलचं नको असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तुमचं शुगरचं आहे म्हणून छोट्या राईडला साधं पाणी पुरे, हे साखरेचं पाणी रोज बाटलीत भरू नका. चक्कर, अंगावर काटा येणं, घाम एकदम बंद होणं यातलं काही झालं तर सावलीत बसायचं आणि मागं फिरायचं, तिथं हिरोगिरी नको. ग्रुपमध्ये हे दुसऱ्याला तुमच्या आधी दिसतं, तुमचा चेहरा तुम्हाला दिसत नाही.

रस्त्यांवर जरा जास्त बोलतो कारण मिसेसची भीती यातच आहे आणि ती भीती बरोबर आहे, तिला उडवून लावू नका. सोलापूरमधून बाहेर जाणारे बहुतेक मोठे रस्ते चौपदरी झालेत. कडेची पट्टी रुंद आहे, डांबर चांगलं आहे, पण गाड्या ८०-१०० नं जातात. यात सगळ्यात धोक्याचा काळ कुठला विचाराल तर मी पावसाळा म्हणणार नाही, ऊस गाळपाचा सीझन म्हणेन, साधारण दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की प्रत्येक रोडला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटे चालू असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, टायर फुटलं तर तिथंच कडेच्या पट्टीवर अंधारात उभे. आणि थंडीत उजाडायला पावणेसात-सात वाजतात, कधी धुकं असतंय. एकटा सायकलवाला छोट्या लाईटवर २५ नं येत असेल तर त्याला ती ट्रॉली फार उशिरा दिसते. ग्रुपमध्ये पुढं चांगला हेडलाईट असलेला अनुभवी माणूस असतो, तो ओरडतो, सगळी रांग वळते. आणि मागून येणाऱ्या गाडीवाल्याला आठ-दहा लाल टेललाईट एकत्र दिसतात, त्या एका लाईटपेक्षा कितीतरी लांबून लक्षात येतात. उसाची कांडी रस्त्यावर सांडलेली असते ती पण बघा, चाकाखाली आली की सायकल घसरते.

हायवेवर एका मागं एक, गप्पा मारत जोडीनं नाही. रॉंग साईडनं तर कधीच नाही. समोरून येणारी गाडी दिसते म्हणून रॉंग साईड सेफ असं सांगणारे लोक भेटतील तुम्हाला, त्यांचं अजिबात ऐकू नका. तुमचा २० आणि गाडीचा ८०, समोरासमोर म्हणजे १०० चा हिशेब होतो, आणि सर्व्हिस रोडवरून बाहेर येणारा माणूस त्या बाजूला बघतच नसतो.

आणि हायवे सोडून पण खूप काही आहे जे एकट्याला सापडत नाही. हिप्परगा तलावाचा भाग सुरुवातीला उत्तम, गावापासून जवळ, हिवाळ्यात पक्षी पण दिसतात. माळढोक अभयारण्याच्या बाजूनं नान्नजची राईड, तिथला माळ थंडीत सकाळी एकदा तरी बघाच. भीमा आणि सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल, चालुक्य काळातली देवळं आहेत, इतकी जवळ असून गावातल्या अर्ध्या लोकांनी बघितलेली नाहीत. अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, सपाट. तुळजापूर साधारण ४५ आणि शेवटी घाट, तो घाट चढलात की तुम्ही सायकलवाले झालात असं आमच्यात मानतात. हैदराबाद रोडला नळदुर्गचा किल्ला आहे. कुठल्या रस्त्यावर काम चालू आहे, कुठं कुत्री मागं लागतात, कुठल्या गावात सकाळी ६ ला चहा मिळतो, ही माहिती मॅपवर नसते, क्लबमधल्या लोकांच्या डोक्यात असते.

काटे राहिलेच. आपल्या भागात वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेनं सगळीकडं, तिचा काटा पातळ टायरमधून सरळ आत जातो. पंक्चर तुम्हाला होणारच, हायवेला सकाळी ६ ला दुकान उघडं नसतं. म्हणून एक स्पेअर ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून काढायच्या पट्ट्या), छोटा पंप, ही तीन वस्तू सीटखालच्या बॅगेत कायम. पहिल्यांदा ग्रुपमधलं कोणीतरी काढून दाखवेल, दुसऱ्यांदा तुम्ही करायचं आणि त्यांनी बघायचं. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरायचं नाही, नाहीतर पाच मिनिटात नवीन ट्यूब पण बसते. हे एवढं एक कौशल्य आलं की हायवेवर अडकून पडायची भीती निम्मी होते, मिसेसना हे करून दाखवा घरी एकदा.

सीटचं पण लगेच बघून घ्या. दहातल्या बहुतेक नवीन लोकांची सीट खाली असते कारण बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकवायचे असतात, आणि मग महिन्यात गुडघा पुढून दुखायला लागतो आणि सायकलिंगनं गुडघे जातात असं म्हणून सोडून देतात. टाच पेडलवर ठेवा, पेडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्यानं चालवताना गुडघ्यात थोडा बाक राहतो, एवढी उंची बरोबर. आणि जड गिअर टाकून जोर लावत बसू नका, हलका गिअर आणि पाय भराभर, मिनिटाला ८० च्या आसपास फेरे. तुमच्या शेजारून चालवणारा जुना माणूस हे दोन मिनिटात ओळखतो, आरशात तुम्हाला कधीच कळणार नाही.

तब्येतीचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रविवारची दोन तासांची राईड आणि मध्ये दोन-तीन दिवस पाऊण तास, झालं. शुगरसाठी एक गोष्ट महत्त्वाची, व्यायामाचा शुगरवरचा परिणाम दिवस-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो, म्हणून लागोपाठ दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. नुसता रविवारी क्लबला जाऊन भागणार नाही. गोळ्या चालू झाल्या असतील तर मोठ्या राईडच्या आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी राईडमध्ये शुगर एकदम खाली जाऊ शकते, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा आणि ग्रुपमधल्या एकाला सांगून ठेवा. आणि राईडनंतरचा नाश्ता, हा आपल्याकडं मोठा कार्यक्रम असतो, सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा), इडली, वर जिलेबी, दोन चहा. खा की, सुशीला आणि इडली खा, जिलेबी सोडा.

आता स्पीडची भीती. काही ग्रुप खरंच पळवतात, त्यांना शर्यतीची तयारी करायची असते, त्यात वाईट काही नाही, पण ते तुमच्यासाठी नाहीत अजून. बऱ्याच क्लबमध्ये १८-२०, २२-२५ आणि त्याच्या वर असे वेगवेगळे गट निघतात, तुम्ही पहिल्या गटात. जॉइन करायच्या आधी एवढंच विचारा की सगळ्यात मागं कोण असतं. चांगल्या क्लबमध्ये याचं उत्तर लगेच मिळतं, आज अमुक जण शेवटी आहे, त्याच्या मागं कोणी राहत नाही. उत्तर द्यायला कोणी अडखळलं किंवा प्रत्येकानं आपापलं बघायचं असं म्हणालं तर दुसरा ग्रुप बघा. हेल्मेट नसेल तर राईडला घेतात का हे पण बघा, घेत असतील तर तिथं जाऊ नका, क्लबचं नाव कितीही मोठं असू दे. जर्सी, फोटो, ग्रुपवर दिवसभर गुड मॉर्निंग, यावरून काहीच ठरवू नका, चांगल्या-वाईट दोन्ही क्लबमध्ये ते असतंय. राईडची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा ॲपवर दुसऱ्याचे आकडे बघून स्वतःला त्रास करून घेऊ नका, पहिले सहा महिने तर नाहीच.

माणसं मात्र भेटतील, आणि ती तुमच्या ऑफिसबाहेरची. आपल्या गावात ही मोठी मजा आहे, एकाच रांगेत एक तेलुगूत ओरडतो खड्डा, दुसरा कन्नडमध्ये चेन उतरल्याचं सांगतो, तिसरा मराठीत शिव्या देतो, आणि सगळ्यांना सगळं कळतं. डॉक्टर, टॉवेल कारखान्यातला सुपरवायझर, मास्तर, कॉलेजचं पोरगं. बायकांसाठी तर मी म्हणेन क्लबचा फायदा पुरुषांपेक्षा जास्त आहे, पहाटे ५ ला एकटीनं हायवेला जाणं आपल्याकडं सोपं नाही, आणि ग्रुपमुळं ज्या बायका घाट चढून आल्यात त्यांना बघून मला फार बरं वाटतं. तुमच्या मिसेसना सायकल येत असेल तर त्यांना पण विचारा एकदा, नुसतं भीती घालवण्यापुरतं नाही, खरंच विचारा.

पुढं आवड लागली तर बीआरएम म्हणून लांब पल्ल्याच्या राईड असतात, शर्यत नव्हे, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासात, ३०० वीस तासात, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस. २०० चा हिशेब केला तर थांबे धरून ताशी १५ च्याही आत पडतं, म्हणजे तुमच्यासारख्या माणसाला वर्षभरात जमण्यासारखं आहे, हायब्रीडवर पण. आषाढीच्या आधी वेगवेगळ्या गावांहून लोक सायकलनं पंढरपूरला येतात, आपल्याला तर ते सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे, ते पहिलं टार्गेट ठेवा असं मी सुचवेन.

खर्च. हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट, पंक्चरचं सामान, पॅडेड शॉर्ट, एवढंच आधी घ्या, याच क्रमानं. क्लबमध्ये गेल्यावर दुसऱ्यांच्या रोडबाईक बघून महिन्यात सायकल बदलायची इच्छा होईल, वर्षभर थांबा. बदलायचीच झाली तर क्लबमधलाच कोणीतरी आपली जुनी चांगल्या स्थितीत विकत असतो, मापाची असेल तर ती घ्या. वर्गणी असेल तर कशासाठी घेतात ते विचारा, टी-शर्टसाठी की मागं येणाऱ्या गाडीसाठी आणि फर्स्ट एडसाठी, फरक पडतो.

मिसेससाठी शेवटी एवढं करा. मोबाईलवर लाईव्ह लोकेशन राईडभर चालू ठेवा, ग्रुप लीडरचा नंबर त्यांच्याकडं आणि त्यांचा नंबर लीडरकडं. खिशात एका कार्डवर नाव, ब्लड ग्रुप, चालू गोळ्या आणि घरचा नंबर, कारण मोबाईल लॉक असतो. १०८ अँब्युलन्स, ११२ पोलीस, १०३३ हायवेची हेल्पलाईन, हे तिन्ही सेव्ह करा. आणि पहिल्या दोन-तीन रविवारी ग्रुप नाश्त्याला जिथं थांबतो तिथं त्यांना बोलवून घ्या, कोणासोबत जाताय ती माणसं त्यांनी डोळ्यानं बघू दे. घरी पोचायची वेळ सांगाल ती अर्धा तास पुढचीच सांगा, पंक्चर कोणाला ना कोणाला होतंच आणि मग सगळे थांबतात.